सीनियर केजीतल्या लेकीचा डबा रोज अर्धा परत येतोय, काय चुकतंय?

पाथर्डी फाट्याचा बाबा

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितोय, अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट मिळतील.

मुलगी सव्वापाच वर्षांची. शाळा साडेआठ ते साडेबारा, डब्याची सुट्टी साडेदहाला, व्हॅन पावणेआठला गेटवर येते. बायको नर्स आहे. दिवाळीनंतर तिला सकाळची ड्युटी लागली, त्यामुळे ती साडेसहालाच निघते. मी नाशिकच्या अंबडला सीएनसी मशीनवर, सेकंड शिफ्ट. म्हणजे सकाळचं सगळं माझ्याकडे: उठवणं, आंघोळ, दोन वेण्या, डबा. स्वयंपाक मला येतो. गावाकडे आईच्या हाताखाली शिकलोय, पोळ्या गोल होतात आणि फुगतातही. प्रश्न तो नाही.

प्रश्न दुपारी डबा उघडल्यावर येतो. परवा दोन पोळ्यांचे रोल दिले होते, आत मटकीची उसळ. एका रोलच्या टोकाला चार दातांचे ठसे, बस, तेवढाच चावा. उसळ सांडून एका कोपऱ्यात साचलेली, तिच्या पाण्याने खालची पोळी भिजून लगदा झालेली आणि वरची या थंडीने वातड. शेजारच्या कप्प्यात सफरचंदाच्या फोडी तपकिरी पडलेल्या. "का नाही खाल्लं गं?" विचारलं तर एकच उत्तर, "बाबा, बेल झाली."

मी काही वेडंवाकडं देत नाही. पोळी-भाजी, उसळ, कधी पुलाव, कधी थालीपीठ, सोबत एक फळ, आणि तिसऱ्या कप्प्यात खजूर किंवा शेंगदाणे. पॅकेटचं काही नाही. तीन कप्प्यांचा, चारी बाजूंनी क्लिपा असलेला डबा मुद्दाम घेतला, की सगळं त्यात बसावं.

मागच्या महिन्यात तिचं रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १०.८ आलं. डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलं आणि खाण्याकडे बघायला सांगितलं. सकाळी सव्वासातला ती मोठा मग भरून दूध आणि दोन बिस्किटं घेते, त्यावरच सिरप देतो म्हणजे विसरत नाही. संध्याकाळी एक मग, झोपताना एक मग. दूध आवडीने पिते, तेवढंच समाधान.

तेव्हापासून डबा परत आला की मला दुपारचं जेवण जात नाही. दोन वाजता शिफ्टला निघायचं असतं आणि डोक्यात तेच. ज्यांची मुलं या वयाची आहेत किंवा ज्यांनी अशी मुलं रोज बघितलीत त्यांनी कृपया सांगा.

बालवर्गाची ताई

दादा, मी इंदिरानगर भागात अठरा वर्षं बालवर्गाला शिकवतेय. तुमच्या लेकीने सांगितलंय ते खरं आहे, तिला बेलच आडवी येते. पालकांना ही सुट्टी कधी बघायला मिळत नाही म्हणून वर्गातलं सांगते.

वीस मिनिटांची सुट्टी. त्यातली सहा-सात मिनिटं हात धुण्याच्या रांगेत. मग दप्तरातून डबा काढणं, नॅपकिन पसरणं. मग वर्गात एकच आवाज सुरू होतो, "टीचर, उघडत नाही!" तीस मुलं आणि मी व मावशी अशा दोघी. चार क्लिपांचे डबे आम्हालाच कधीकधी नख मोडून उघडावे लागतात. लाजाळू मूल हाक मारत नाही, झाकणाशी झटत बसतं किंवा दुसऱ्यांचे डबे बघत बसतं. म्हणजे खायला उरतात जेमतेम आठ-दहा मिनिटं. तेवढ्यात दोन रोल, उसळ, सफरचंद, खजूर हे मोठ्या माणसालाही होणार नाही.

आज एवढंच करा. भरलेला डबा तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवा, हात ओले असू द्या, आणि काही न सांगता घड्याळ बघा. तिला एकटीला उघडता आलं नाही तर पहिलं डबा बदला, पदार्थ नंतर.

दुसरं, कमी द्या. एक पोळी पुरे, तीही शंकरपाळ्यांएवढे तुकडे करून. रोल आपल्याला सोयीचा वाटतो, पण पाच वर्षांच्या मुलाचं तोंड त्याच्यापुढे लहान पडतं आणि पहिल्याच चाव्याला मागून सगळं मांडीवर येतं. मांडीवर सांडलं की मूल खाणं सोडून पुसत बसतं. उसळ द्यायचीच तर घोटून, बेसन लावून, तव्यावर टिक्की करून द्या. एक मुख्य आणि एक फळ, दोनच गोष्टी. तिसऱ्या कप्प्यात गोड असलं की मूल आधी तेच उघडतं आणि तिथेच थांबतं, हे मी रोज बघते.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. आता द्राक्षांचा हंगाम सुरू झालाय, आपल्या नाशिकच्या डब्यात द्राक्षं येणारच. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला अख्खं द्राक्ष देऊ नका. ते गुळगुळीत असतं, हसता-बोलताना घशात जाऊन नेमकं बसतं. उभं चिरायचं, चार भाग करायचे. आडवं चिरलं तर चकती गोलच राहते, उपयोग नाही. माझ्या वर्गात एकदा एका मुलाच्या घशात अडकलं होतं. त्याला पुढे वाकवून पाठीत थापट्या मारल्या तेव्हा ते बाहेर आलं. ती मिनिटं मी विसरू शकत नाही. शेंगदाण्यांचंही तेच, अख्खे नकोत. कूट करून थालीपिठात, चटणीत घाला.

निफाडची सून

भाऊ, वातड पोळीवर आमच्याकडचा उपाय सांगते. या दिवसांत निफाडची थंडी काय असते ते सगळ्यांनाच माहीत आहे, आठ वाजताची पोळी दहापर्यंत चामडं होते.

दशमी करा. कणीक पाण्याऐवजी कोमट दुधात मळायची, चवीला मीठ, चमचाभर तेल. पीठ नेहमीपेक्षा सैल. मुरायला दहा मिनिटं झाकून ठेवा. लाटताना घडी घालून आत तूप लावा आणि मध्यम आचेवर भाजा. फार भाजली की कडक होते. आमच्या आजेसासूबाई शिर्डीला पायी जायच्या तेव्हा याच बांधून न्यायच्या, दुसऱ्या दिवशीही लुसलुशीत असायच्या. थोडी बाजरी मिसळून, गूळ दुधात विरघळवून केली तर पोरं नुसती खातात.

आणि तव्यावरून थेट डब्यात टाकू नका. जाळीवर पाच मिनिटं वाफ जाऊ द्या, मग सुती फडक्यात गुंडाळा. गरम कोंबली की झाकणाला पाणी सुटतं आणि तेच पोळीवर ठिबकतं. तुमचा लगदा निम्मा उसळीचा आणि निम्मा वाफेचा असणार.

नागली, म्हणजे नाचणी, मिळते का तुमच्याकडे? पेठ-हरसूलकडची पोतं येतात बाजारात. दळून ठेवा, दशमीत चौथा हिस्सा घाला, कळतही नाही.

आहारतज्ज्ञ, गंगापूर रोड

बालवर्गाच्या ताईंचं सगळं पटलं. मला तुमच्या लिहिण्यातली दुसरीच एक ओळ खटकली. तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात, पण माझ्या मते मूळ तिथे आहे: दूध.

दिवसाला तीन मोठे मग म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास दूध होतं. दूध चांगलंच आहे, पण त्यात लोह जवळजवळ नसतं आणि पोट मात्र भरतं. शिवाय दुधातलं कॅल्शियम आणि केसीन नावाचं प्रथिन शरीरात लोह नीट शोषू देत नाहीत. सव्वासातला मगभर दूध आणि बिस्किटं घेतलेल्या मुलीला साडेदहाला किती भूक असणार? आणि त्या दुधावरच सिरप देता, म्हणजे औषधातलं लोहही बरंचसं वाया जातं. सिरपची वेळ तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून विचारा. साधारणपणे ते दुधापासून लांब, संत्र्या-मोसंबीच्या फोडीसोबत किंवा लिंबाच्या पाण्यासोबत देतात. दूध बंद नाही करायचं. दिवसाला ४०० ते ५०० मिलीलिटर पुरे, आणि ते संध्याकाळी-रात्री. सकाळी निघताना वाटल्यास चार घास काहीतरी चावून खायचं द्या.

आता हिशेब सांगते, म्हणजे रोज पोटात कालवणार नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली जे आकडे दिले त्यानुसार चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण १,३६० कॅलरी, १६ ग्रॅम प्रथिनं, ५५० मिलीग्रॅम कॅल्शियम आणि ११ मिलीग्रॅम लोह लागतं. हे पूर्ण दिवसाचं. तुमची लेक साडेबाराला सुटते आणि घरी येऊन जेवते, म्हणजे तिचा डबा हे जेवण नाही, ते मधलं खाणं आहे. २५० ते ३०० कॅलरी झाल्या की झालं. पोषण आहार योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलाचं दुपारचं पूर्ण जेवण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरून केलेलं असतं, तर तुमच्या पाच वर्षांच्या मुलीच्या साडेदहाच्या डब्यात दोन पोळ्या, उसळ, फळ आणि खजूर जास्तच होतात.

प्रथिनांची काळजी करू नका. कोरडी मुगाची डाळ मूठभर, म्हणजे तीसेक ग्रॅम, भिजवून वाटली तर दोन लहान धिरडी होतात. त्यात सात ग्रॅम प्रथिनं आली, एका अंड्यापेक्षा थोडी जास्तच. अंडं खात असाल तर उकडून चार फोडी, तेही उत्तम.

कठीण आहे ते लोह. डाळी, पालेभाज्या, बाजरी यांतलं लोह थोडंच अंगी लागतं, पण सोबत सी जीवनसत्त्व असलं की बरंच वाढतं. म्हणून सफरचंदाऐवजी पेरू द्या. पेरूत ते संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि फोडी सफरचंदासारख्या काळ्या पडत नाहीत. बिया मात्र काढा. उसळीवर, धिरड्याच्या चटणीत लिंबू पिळा. मटकीला मोड आणता ते चांगलंच करता, मोडांमुळे लोह शोषायला सोपं जातं. भाजी लोखंडी कढईत करा, टोमॅटो-कोकम घातलेली असेल तर आणखी चांगलं. पण झाली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते. गूळ, खजूर, बीट यांच्यावर मात्र भिस्त ठेवू नका. लोकांना वाटतं तेवढं लोह त्यात नाही, साखर मात्र भरपूर येते.

निफाडच्या ताईंनी नागली सांगितली ती कॅल्शियमसाठी सोनं आहे, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास. फक्त सगळी भाकरी नागलीची केली तर गार झाल्यावर मुलांना घशाखाली उतरत नाही. चौथा हिस्साच बरोबर.

कॉलेज रोडची आई

हे सगळं ठीक, पण शेजारच्या मुलीच्या डब्यात चिप्स आणि क्रीमची बिस्किटं असली की आमची धिरडं झाकून ठेवते. तिला लाज वाटते. याचं काय करायचं?

बालवर्गाची ताई

खरी गोष्ट आहे, रोज दिसते. माझा अनुभव असा की मुलं पदार्थापेक्षा त्याच्या रूपाला भुलतात. तेच धिरडं कातण्याने कापून चौकोन केलं की शेजारचं मूल मागायला येतं, आणि मागितलं गेलं की आपलं मूल छाती फुगवून खातं. शाळेलाही बोला. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, चरबीचे पदार्थ विकायला बंदी आहे. घरून काय आणावं याबद्दल तो नियम काही म्हणत नाही, पण पालकसभेत चार आयांनी मिळून विषय काढला तर वर्गापुरतं ठरवता येतं. आमच्याकडे तसंच ठरलं. शुक्रवारी आवडीचं, बाकी दिवस घरचं.

म्हसरूळची सेविका

भाऊ, अंगणवाडीतून रिटायर झालेय. रक्त कमी असेल तर जंताचंही बघा. जंत असले की खाल्लेलं अंगी लागत नाही. येत्या १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन आहे, १ ते १९ वर्षांच्या सगळ्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत गोळी फुकट देतात. वर्षातून दोनदा असतो, दुसरा ऑगस्टमध्ये. "आमचं मूल स्वच्छ राहतं" म्हणून पुष्कळ पालक त्या दिवशी शाळेत पाठवत नाहीत, तसं करू नका. खासगी शाळेतही विचारा. आणि जेवणाआधी साबणाने हात, नखं दर रविवारी.

पाथर्डी फाट्याचा बाबा

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

ताईंनी सांगितलं त्याच दुपारी शिफ्टला निघण्याआधी डबा तिच्यापुढे ठेवला. तिने दोन क्लिपा उघडल्या. तिसरी निघेना. डबा गुडघ्यांत धरला, दात लावले, मग उलटा करून फरशीवर टेकवला. दोन मिनिटं वीस सेकंद झाली. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रोज मावशी करून देतात, पण आधी शेवटच्या बाकावरच्यांचं करतात." जूनपासून ती हे करत होती आणि मला ठाऊकही नव्हतं. त्या रात्री शिफ्टला मशीनवर उभा होतो पण लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन भांडी बाजारात गेलो. दुकानदाराला सांगितलं, हिला स्वतःला उघडता येईल तोच घेणार. तिने आठ-नऊ डबे उघडून-लावून बघितले आणि गोल, वरून नुसतं झाकण दाबायचं असा छोटा स्टीलचा निवडला. आत एक वाटी बसते. तिथेच लोखंडी कढईही घेतली.

डॉक्टरांना फोन केला. सिरप आता दुपारी जेवणाआधी अर्धा तास, मोसंबीच्या फोडीसोबत. सकाळचं दूध थांबवलं. पहिले चार दिवस ती रडली, पाचव्या दिवसापासून विसरली. आता निघताना अर्धं केळं किंवा अर्धी दशमी. आणि खरंच, साडेदहाला तिला भूक लागायला लागली.

मुगाची धिरडी सगळ्यात चालली. डाळ रात्री भिजवतो, सकाळी पालकाची चार पानं, आलं, जिरं घालून वाटतो. कातण्याने चौकोन कापले की ती स्वतः मोजून डब्यात भरते, अकरा. वाटीत शेंगदाण्याच्या कुटाची चटणी, लिंबू पिळून. पेरू गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आणतो, दर बुधवारी सकाळी शाळेची व्हॅन गेली की तिकडेच. द्राक्षं उभी चिरूनच. मटकीची टिक्की दोनदा दिली, एकदा संपली, एकदा दोन उरल्या. गवार कशाही रूपात चालत नाही, ती आता रात्रीच्या जेवणात हळूहळू बघू. नागलीची दशमी बायकोलाही आवडली, ती स्वतःच्या डब्यातही नेते.

या तीन आठवड्यांत बारा वेळा डबा रिकामा आला. दोनदा थोडं उरलं. एकदा सगळं परत आलं, त्या दिवशी तिला ताप होता. रक्त महिनाभराने पुन्हा तपासायचं आहे. जंताच्या गोळीबद्दल शाळेला विचारलं, त्यांच्याकडे आरोग्य केंद्राचे लोक येणार आहेत, तारीख लिहून ठेवली.

सगळ्यांचे मनापासून आभार. निफाडच्या वहिनींना एक विचारायचं आहे. मार्चपासून माझी फर्स्ट शिफ्ट लागतेय. आम्ही दोघंही साडेसहाला बाहेर असू, शेजारच्या काकू तिला व्हॅनमध्ये बसवतील. त्यांना स्वयंपाकाला लावायचं नाही. दशमीचं पीठ आदल्या रात्री मळून ठेवलं तर चालेल का?

निफाडची सून

पीठ कशाला ठेवता, दशम्याच रात्री करा. दुधातलं पीठ उन्हाळ्यात आंबूस होतं, भाजलेली दशमी नाही होत. नीट गार करून फडक्यात गुंडाळा आणि पोळ्यांच्या डब्यात ठेवा, सकाळपर्यंत मऊ राहते. फक्त एप्रिल-मे मध्ये फडकं कोरडं ठेवा आणि उरलेली दुसऱ्या दिवसाला ठेवू नका. धिरडी मात्र रात्री करून उन्हाळ्यात देऊ नका, ती सुट्टीच्या दिवशी ताजीच. रात्रीच्या दशमीसोबत तिळाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी द्या, ओलं काही नको. पेरूचा हंगाम संपला की सकाळी निघताना मोसंबी सोलून ठेवा, काकू नुसती डब्यात घालतील.

काकूंना डब्याचं झाकण घट्ट दाबू नका म्हणावं.